मंजुरीचा फोटो

त्यांना सगळं इस्पितळ फोटोकाका म्हणायचं. गळ्यात कॅमेरा, खिशात कंगवा आणि पायात मऊ तळव्याचे बूट, असा हा माणूस दिवसभर या वॉर्डातून त्या वॉर्डात फिरत असायचा. नवे पेशंट त्यांना बघून दचकायचे. धडधाकट असताना आपला फोटो कुणी काढला नाही आणि आता कशाला आलाय हा, असं त्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

काकांचा मूळचा स्टुडिओ. रंगवलेला पडदा, दोन दिवे, एक उंच स्टूल आणि आरशाजवळ पावडरचा डबा. त्यांच्या फोटोत कुणीही बरंच दिसायचं. कुणाचं नाक बसकं, कुणाचे दात पुढे, कुणाचा एक डोळा बारीक. काका दोन बोटांनी हनुवटी उचलायचे, मान एवढीशी वळवायचे आणि माणूस स्वतःचाच फोटो बघून लाजायचा. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि काका दुकानात माश्या मारत बसू लागले. दुकानाला कुलूप लागलं त्याच सुमाराला इस्पितळाला फोटो काढणारा माणूस हवा होता. काका कॅमेरा घेऊन गेले आणि तिथलेच झाले.

आता इस्पितळाला फोटोग्राफर कशाला, तेही सांगतो. सरकारची एक विमा योजना होती. आजार मोठा असेल आणि घरची ऐपत नसेल, तर औषधाचा खर्च योजनेनं भरायचा. भरायचीही. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्या योजनेवर जगलेली कितीतरी माणसं आज भाजी आणायला बाजारात हिंडतायत. पण पैसे सुटण्याआधी मंजुरी लागायची, आणि मंजुरी देणारा डॉक्टर लांब कुठल्यातरी कचेरीत संगणकाच्या पडद्यासमोर बसलेला. त्यानं पेशंटची नाडी कधी बघितलेली नसायची. त्याच्याकडे जायचे ते रिपोर्ट, इथल्या डॉक्टरची चिठ्ठी आणि खाटेवरच्या पेशंटचा ताजा फोटो. इथे सगळे त्याला 'वरचे' म्हणायचे. वरच्यांचं काय आलं, वरच्यांनी अडवलं, वरच्यांनी सोडलं, हेच दिवसभर कानावर.

रिपोर्ट सगळ्यांचे सारखेच, आकड्यांच्या रांगा. वरच्यांपुढे तशा शेकडो फायली. फाईल उघडली की आधी फोटो दिसायचा. त्या एका नजरेत वरच्यांचं मन कुणीकडे तरी झुकत असणार, असं योजनेच्या टेबलावरची मुलगी म्हणायची. ती हुशार होती आणि तोंडाळही. काकांना पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, इथे स्थळं जमवायची नाहीयेत. लक्षात ठेवा."

काकांनी मान हलवली, पण हाताची सवय अशी एका वाक्यानं थोडीच जाते?

सुरुवातीच्याच दिवसांत एक शिवणवाली बाई आली. कपडे शिवून पोट भरणारी, एकटी, रक्ताचा आजार झालेली. तिचं इंजेक्शन एवढं महाग, की आयुष्यभर मशीन चालवलं असतं तरी त्यातलं एक आलं नसतं. काका फोटो काढायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "माझं हे तोंड कुणाला दाखवू नका हो," म्हणाली. झालं, काकांमधला स्टुडिओवाला जागा झाला. त्यांनी उशी उंच केली, खिशातला कंगवा तिच्या हातात दिला, पडदा सरकवून खिडकीचा उजेड तिच्या गालावर घेतला, दोन बोटांनी हनुवटी उचलली. ती हसली. फोटो बघून म्हणाली, "आजारी पडल्यापासून मी मला पहिल्यांदाच दिसले."

वरच्यांचं उत्तर आलं. छायाचित्रात रुग्णाची प्रकृती समाधानकारक दिसते, एवढ्या खर्चिक औषधाची निकड काय, खुलासा करावा. डॉक्टरांनी खुलासा लिहिला, त्यावर आणखी प्रश्न आला, त्याला पुन्हा उत्तर गेलं. त्या ये-जा करण्यात शिवणवाली गेली. इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तर वाचली असती का, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आजारच पुढे गेलेला. टेबलावरची मुलगी काहीच म्हणाली नाही. ती एरवी इतकी बोलायची, की तिच्या गप्प बसण्यातून काकांनी काय ते समजून घेतलं.

तेव्हापासून शिवणवाली काकांना दिसायला लागली. स्वप्नात वगैरे नाही, दिवसाढवळ्या. कॅमेरा डोळ्याला लावला की आधी ती दिसायची, मग पेशंट. रागावलेली नसायची. काकांनी बसवली होती तशीच बसलेली, हनुवटी वर, कधी एकदा बटण दाबताय याची वाट बघत. काका डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे, मग कुठे ती बाजूला व्हायची. हे त्यांनी घरी सांगितलं नाही, कुठे सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? लोकांनी त्यांनाच एका खाटेवर टाकलं असतं.

आणि काका बदलले. आता ते आधी उशी काढून घ्यायचे. पडदा ओढून उजेड घालवायचे. "केस विस्कटा जरा. गळ्याचं बटण सोडा. हात असा लोंबू द्या. हसू नका." लहान मूल असेल तर त्याच्या आईला बाहेर पाठवायचे, म्हणजे ते आपोआप रडवेलं व्हायचं. हो, हेसुद्धा करायचे. तोंड वर करायला लावणारी बोटं आता मान खाली दाबायची. वाईट दाखवण्याचीही एक हातोटी असते आणि ज्याला चांगलं दाखवता येतं त्याला ती चटकन जमते. काकांचा एकही फोटो परत आला नाही. टेबलावरची मुलगी म्हणायची, "काका, तुमच्या हातून गेलेली फाईल म्हणजे मंजूरच समजायची." बिचारी कौतुकानं म्हणायची. काका मात्र लगेच पुढच्या वॉर्डाकडे वळायचे.

बरीच वर्षं अशी गेली आणि मग काकू आजारी पडल्या.

काकू म्हणजे काकांची बायको. स्टुडिओच्या काचेत पहिला फोटो लागला होता तो त्यांचा. दिसायला फार देखण्या होत्या असं नाही, पण कॅमेऱ्यापुढे बसायची जाण होती. जिभेला धार होती. आजारपणातसुद्धा आरशात बघितल्याशिवाय दार उघडायच्या नाहीत. त्यांना तोच आजार निघाला, शिवणवालीचा. काकांनी रिपोर्ट वाचला आणि ते इस्पितळाच्या जिन्यात खाली बसले. आजाराचं नाव त्यांना पाठ होतं, औषधाचं नाव पाठ होतं, आणि मंजुरी मिळाली नाही तर काय होतं तेही पाठ होतं.

दर महिन्याला एक इंजेक्शन, आणि दर तीन महिन्यांनी मंजुरी नव्यानं घ्यायची. पहिला फोटो काढायच्या दिवशी काकू केस विंचरून, पावडर लावून, निळे कपडे घालून आल्या.

"हे काय?" काका म्हणाले.

"फोटो काढायचाय ना?"

"अगं, तसला फोटो नाही."

"फोटो म्हणजे फोटो. तुम्हीच म्हणायचात, माणूस फोटोत तरी बरा दिसला पाहिजे."

काकांनी तिला सगळं सांगितलं, शिवणवालीचंही. ती दिसते हे तेवढं सोडून. काकू ऐकत राहिल्या. मग उठून त्यांनी तोंड धुतलं, केस सोडले आणि खाटेवर आडव्या झाल्या. "घ्या, मारा मला," म्हणाल्या. विनोदानंच म्हणाल्या. काकांनी उशी काढली, पडदा ओढला. तिचा हात उचलून खाटेबाहेर सोडला, मान कलती केली, तोंड किंचित उघडं ठेवायला लावलं. कॅमेऱ्यातून पाहिलं, तर आतली बाई संपलेली होती. तरी त्यांनी बटण दाबलं.

मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली.

काकूंनी हट्ट करून तो फोटो बघितला.  घरी आल्यावर म्हणाल्या, "अहो, त्या बाईला तुम्ही तिथेच ठेवायला हवं होतं. ती आपल्याबरोबर घरी आलीय." त्या दिवसापासून त्या आरशासमोरून जाताना मान फिरवायच्या. मोरीतल्या आरशावर टॉवेल टाकून ठेवायच्या. एकदा काका घरी आले तर काकू अंधारात बसलेल्या. दिवा का लावला नाहीस म्हटलं, तर म्हणाल्या, "काचेत ती दिसते." काकांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. आता एका घरात दोन माणसं आणि दोघांनाही एकेक बाई दिसते, असला तो संसार.

पण औषध लागू पडलं. हळूहळू, रडतखडत, पण पडलं. काकू जिना चढायला लागल्या. जेवणाला चव आली. शेजारणीशी भांडल्या, तेव्हा काकांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारणीचेच आभार मानले. रिपोर्ट मात्र धड चांगले नव्हते की धड वाईट. एक आकडा वर, एक खाली. डॉक्टर म्हणाले, "रक्तात दिसायला वेळ लागतो. माझ्या डोळ्यांना फरक दिसतोय ना, झालं तर."

तीन महिने झाले आणि नव्या मंजुरीचा दिवस आला. काकू खाटेवर बसल्या, पाय हलवत. "आज मला बरी दिसू द्या," म्हणाल्या. "मी बरी आहे."

"मंजुरी मिळू दे. मग हवी तेवढी बरी दिस."

"अहो, मी खरंच बरी आहे. जे आहे ते काढा की. दरवेळी खोटं कशाला?"

खरं तर बाई शहाणपणाचं बोलत होती. काकांनी कॅमेरा उचलला. आत काकू होत्या, आणि काकूंच्या शेजारी, खाटेच्या कडेला, हनुवटी वर करून शिवणवाली बसलेली. दोघी हसतमुख.  काकांनी कॅमेरा खाली घेतला आणि हात जोडले. स्वतःच्या बायकोपुढे, भर वॉर्डात. "पाया पडतो तुझ्या. झोप. माझं ऐक एवढं."

 काकूंना दया आली असावी. झोपल्या. काकांनी या वेळी जरा जास्तच केलं. भीतीनं माणूस मीठ दोनदा टाकतो तसं. गालाखाली सावली पाडली, ओठ कोरडे पुसून घेतले, बरगडी दिसेल असा कपडा ओढला. फोटो असा झाला, की टेबलावरच्या मुलीनं तो बघून विचारलं, "काका, काकू बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. पाठव."

चार दिवसांनी वरच्यांचं उत्तर आलं. मुलीनं ते काकांना वाचून दाखवलं नाही, नुसता संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. तीन महिन्यांच्या उपचारानंतरही रुग्णाची प्रकृती पूर्वीपेक्षा खालावलेली दिसते, सदर औषधाचा उपयोग होत नाही, सबब पुढील खर्च मंजूर करता येत नाही.

काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. पहिल्या वेळी आजार दाखवायचा असतो आणि दुसऱ्या वेळी उतार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दर तीन महिन्यांनी नवा फोटो मागायचा नियम योजनेनं नव्यानंच काढलेला, आणि त्या नियमातल्या इथल्या पहिल्याच पेशंट काकू. आजवर काकांनी एका माणसाचा एकदाच फोटो काढला होता.

"त्या चालत आल्या होत्या," मुलगी म्हणाली. "मी बघितलं त्यांना चालताना. काका, असा का काढलात?"



डॉक्टरांनी फेरविचाराला लिहिलं. कडक शब्दांत लिहिलं, माणूस भला होता. पण फेरविचाराच्या फायलींची रांग वेगळी आणि लांब. शिवाय नवा फोटो लागणार, बरं वाटत असल्याचा, आणि तो फाईल वरच्यांपुढे जाईल त्या आठवड्यातला हवा. इकडे इंजेक्शनची तारीख उलटून गेली. पुढची तारीखही गेली. मिळवलेलं सगळं काकूंच्या अंगातून निघून जायला लागलं. आधी जिना सुटला, मग चव गेली. शेजारीण समेटाला आली तेव्हा काकूंना उठून बसवेना. काकूंनी नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही. ते फार वाईट होतं. शिव्या दिल्या असत्या तर काका त्या पांघरून झोपले तरी असते.

फाईल पुढे जायची वेळ आली आणि टेबलावरून निरोप आला, फोटो पाठवा.

काकांनी काकूंना खाटेवर बसवलं. उशा मागे लावल्या तरी मान धरवत नव्हती. काकांनी पडदा सरकवला, खिडकीचा उजेड आत घेतला. केस विंचरले. पावडर लावली, गालांना थोडा रंग लावला, निळे कपडे आता ढगळ झाले होते ते पाठीमागून चिमट्यांनी घट्ट केले. एवढं करताना त्यांचे डोळे वाहत होते आणि काकू म्हणत होत्या, "रडू नका, फोटो हलेल."

काकूंनी खाटेची दांडी एका हातानं घट्ट धरली आणि सगळं अंग त्या हातावर तोलून धरलं. काका हनुवटी उचलायला पुढे झाले, तर काकूंनी ती आपली आपणच उचलली. आणि हसल्या. काकांनी कॅमेऱ्यातून पाहिलं. तिथे फक्त त्यांची बायको होती, काचेतल्या पहिल्या फोटोत होती तशी. दांडीवरचा हात त्यांनी चौकटीबाहेर ठेवला आणि बटण दाबलं.

"बरी दिसते ना?" काकूंनी तोंड तसंच हसतं ठेवून विचारलं.

"हो."

"पाठवा मग. पाठवला म्हणाल तेव्हा सोडते."

काका धावत टेबलाकडे गेले आणि धावत परत आले. काकू तशाच बसलेल्या. पाठवला, असं सांगितल्यावरही त्यांना दांडी सोडता येईना. काकांनी एकेक बोट उकललं आणि त्यांना खाली निजवलं.

या वेळी वरच्यांनी उशीर केला नाही. औषधाला रुग्णाचा उत्तम प्रतिसाद, पुढील उपचार मंजूर. काका ते वाचून दाखवायला वॉर्डात गेले. काकूंनी डोळे न उघडता ऐकलं.

"झालं ना तुमचं काम?" म्हणाल्या. "आता तरी मला आजारी असू द्या."

इंजेक्शन त्याच दुपारी दिलं. नंतरचंही दिलं. पण मधल्या काळात आजारानं जी जागा घेतली होती ती त्यानं सोडली नाही. औषध तेच, हात तेच, फक्त अंग आता ऐकत नव्हतं. पुढच्या मंजुरीची वेळ यायच्या आत काकू गेल्या.

माणसं भेटायला आली. काकूंच्या धाकट्या बहिणीनं भिंतीवर लावायला फोटो मागितला. एवढ्या मोठ्या फोटोग्राफरची बायको, फोटोंना काय तोटा. काकांनी या शेवटच्या वर्षातले सगळे काढून ठेवले. बहिणीनं पहिले दोन बाजूला सारले, तिला ते बघवले नाहीत. शेवटचा उचलला आणि तिचा चेहरा उजळला.

"बघा तरी, किती तजेलदार दिसतेय," ती सगळ्यांना दाखवत म्हणाली. "कधी काढलात हा? अगदी शेवटी? म्हणजे ताईला फार सोसावं नाही लागलं. माझ्या जिवाला तेवढीच काळजी लागून राहिली होती."

फोटो हातोहाती फिरला. सगळ्यांना बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं, हसत गेली माउली. कुणी म्हणालं, भाग्य लागतं. मग बहीण पुन्हा काकांकडे वळली. तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"भावजी, नाही ना झाला तिला त्रास?"

काकांनी त्या फोटोकडे पाहिलं, जिथे दांडीवरचा हात चौकटीबाहेर राहिला होता त्या कडेकडे. बहीण वाट बघत होती.

"नाही," काका म्हणाले. "बरी होती ती."

बहिणीनं समोरच्या खोलीत खिळा ठोकून घेतला आणि फोटो लावला. काका त्या खोलीत आता बसत नाहीत.